भूमिपुत्र डॉ. हेमेंद्र

माणसाचा दुसरा जन्म याच देहात होतो आणि तो शपथविधीच्या दिवशी होतो, यावर गोंदियाच्या त्या नर्सिंग शाळेतल्या पुष्पांजली मॅडमची गाढ श्रद्धा होती. हातात दिवा घेऊन शपथ उच्चारली की कालपर्यंतची पोर संपते आणि तिच्या जागी परिचारिका उभी राहते, असं त्या दर वर्षी सांगत. हेमेंद्र कापगतेच्या वर्षी दिवे बॅटरीचे होते. आदल्या वर्षी एका मुलीची ओढणी पेटली होती, तेव्हा पुनर्जन्माला आगीची जोखीम नको असा ठराव झाला. प्रमुख पाहुणे जेवण करून आले, तोवर निम्म्या बॅटऱ्या दमल्या होत्या. हेमेंद्रचा दिवा शपथेतल्या ‘मी’ या पहिल्याच शब्दाला गेला. पुढची सेवा, त्याग आणि निष्ठा त्याने विझलेल्या दिव्यावर उरकली आणि खोलीवर जाऊन पोहे खाल्ले. दुसऱ्या जन्माची एकही खूण अंगावर सापडली नाही.

वर्गात मुली भरपूर होत्या आणि मुलगे इतके कमी की मॅडम त्यांची हजेरी घेत नसत, नुसतं पाहून घेत. दवाखान्यात पांढरा पोशाख घालून वर्गमैत्रिणी फिरू लागल्या की पेशंट त्यांना ‘सिस्टर’ म्हणत, कुणाला शिकवावं लागलं नाही. हेमेंद्रला मात्र काय म्हणायचं यावर वॉर्डाचं एकमत होत नव्हतं. बरेच पेशंट त्याला ‘मामा’ म्हणत, म्हणजे झाडूपोछा करणारे आणि स्ट्रेचर ढकलणारे मामा. म्हाताऱ्या बायका ‘बाबू’ म्हणत. एक नातेवाईक तर त्याला बाहेरच्या गाडीवरचा काकडीवाला समजून तिखटमीठ न लावलेली काकडी बदलून दे म्हणाला होता. शाळेत ‘ब्रदर’ म्हणायची पद्धत होती, पण ती शाळेपुरती.

कोहमाऱ्याच्या चौफुलीपासून आत, त्याच्या गावात, हा गोंधळ नव्हता. गावात तो डॉक्टर होता.

याला कुणी खोटं बोललं असं म्हणता येणार नाही. कापगत्यांच्या पूर्वजांनी गावाचा तलाव बांधला होता, आणि इतकं मोठं काम एकदा झाल्यावर पुढच्या पिढ्यांना फारसं काही करायची निकड वाटली नव्हती. हेमेंद्रचे वडील केशोराव धान लावत, धान कापत आणि तलावाच्या पाळीवरून चालताना मान थोडी उंच ठेवत. पोराचा प्रवेश झाला तेव्हा पानठेल्यावर कुणी विचारलं, “पोट्टा काय शिकून राहिला?” केशोराव म्हणाले, “दवाखान्याचं.” त्यात शब्दभरही खोटं नव्हतं. पुढचं काम गावानं केलं. ‘दवाखान्याचं’ची ‘डॉक्टरकी’ झाली, केशोरावांनी ती नाकारली नाही, आणि सुट्टीत घरी आलेल्या हेमेंद्रचा पांढरा कोट दोरीवर वाळत पडला, त्यानं उरलासुरला संशय मिटवला.

हेमेंद्रनंही नाकारलं नाही. आधी वाटलं, सांगू कधीतरी. मग त्याची बहीण रिंकू कुडव्याला दिली, सोयऱ्यांपुढे केशोराव ‘आमचा डॉक्टर’ म्हणाले, आणि सांगायची वेळ अक्षता पडल्या तेव्हाच निघून गेली. आता आपण खरं बोललो तर बहिणीला सासरी मान खाली घालावी लागेल, या भीतीनं तो गावात आला की घरात बसे. कुणी नाडी दाखवायला आलं की सांगे, परीक्षा आहे. त्या वर्षी त्याच्या इतक्या परीक्षा झाल्या की गावाला त्याची कीव यायला लागली.

पण मंडई चुकवता येत नाही. दिवाळी झाली की या भागात गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणा येतो, घरोघरी लेकी-जावई आणि सोयरे उतरतात, दुपारी दंडार नाचते, म्हणजे पुरुषच बाईचा वेश घेऊन करतात तो नाचगाण्याचा खेळ, आणि पुढं नाटक. मंडईला घरचा पोरगा आला नाही तर तो एकतर मेला किंवा पुण्याला गेला असं समजतात.

हेमेंद्र बसमधून उतरला आणि त्याला स्वतःचा चेहरा दिसला. दरवाज्याएवढा. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून ताणून फ्लेक्सवर चढवला होता, गळ्यात स्टेथोस्कोप संगणकातून घातला होता, आणि खाली लिहिलं होतं : ‘आपल्या गावचे भूमिपुत्र डॉ. हेमेंद्र केशोराव कापगते यांचे मंडईनिमित्त हार्दिक स्वागत. मोफत तपासणी.’ कोपऱ्यात स्वागतोत्सुक म्हणून मंडई मंडळाचा अध्यक्ष विक्की, म्हणजे हेमेंद्रचा चुलतभाऊ, गॉगल लावून हात जोडत होता.

“विक्की, हे काय करून ठेवलं बे?”

“काऊन? फोटो बरा नाई आला का?”

“मोफत तपासणी कोनाची?”

“गावाची. तुले काय करा लागते, पट्टा बांधाचा, फुस्स फुस्स कराचं. लोकाईले बरं वाटते. दंडार चार वाजता आहे, तोवर कार्यक्रम नाई काई. मंडप रिकामा रायते तं बरं दिसत नाई.”

अशा रीतीनं मंडपातली पोकळी भरून काढण्यासाठी वैद्यकशास्त्राला पाचारण करण्यात आलं. टेबलावर चादर घातली होती. बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सोयरे मंडळी. पहिल्या रांगेत रिंकूचे सासरे नंदलालजी, कुडव्याला त्यांचं हार्डवेअरचं दुकान, तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले. त्यांच्या शेजारी केशोराव नवीन धोतरात, ज्यांच्या चेहऱ्यावर तलाव दुसऱ्यांदा बांधून झाल्याचं समाधान होतं.

हेमेंद्रनं मुकाट्यानं पट्टा बांधला आणि फुस्स फुस्स केलं. बीपी मोजणं त्याला येत होतं. आकडा सांगायचा, जास्त असला तर दवाखान्यात जा म्हणायचं. यात पाप नव्हतं. हे असंच चार वाजेपर्यंत रेटलं तर सुटलो, असं त्याला वाटू लागलं तेवढ्यात मनिरामकाका आले.

मनिरामकाका म्हणजे गावच्या दंडारीची नटी. वय साठीपार, ठोक्यानं म्हणजे खंडानं कसायला घेतलेली जमीन, पिकलेल्या मिशा. पण दंडारीच्या आदल्या दिवशी मिशा उतरत, अंगावर नऊवारी लुगडं चढे, पायात चाळ बांधले जात आणि पंचक्रोशीतल्या बायका पदर कसा घ्यावा हे पाहायला पुढे सरकून बसत. आत्ता ते अर्ध्या तयारीत होते. लुगडं नेसून झालं होतं, तोंडाला रंग लागायचा होता. विक्कीच्या खांद्याचा आधार घेऊन ते खुर्चीत बसले.

“डॉक्टर, बाटल लावून दे.”

बाटल म्हणजे सलाईन. या भागात तिच्यावरची श्रद्धा मॅडमच्या दिव्यावरल्या श्रद्धेपेक्षा पक्की आहे. धानाची रोवणी संपली की कंबर धरलेल्या बाया बाटल लावून घेतात, लग्नात वरमाय थकली की बाटल लावतात, आणि निवडणुकीत पडलेल्या माणसाला तर लावतातच. गोळी म्हणजे औषध. बाटल म्हणजे ताकद.

“काय होऊन राहिलं, काका?”

“अशक्तपना वाटून राहिला. तहान लयच लागते, घटकाभरानं लघवीले पळा लागते. नाचाचं हाय ना बाप्पा.”

“मी आनून ठेवल्या,” विक्की म्हणाला आणि त्यानं पिशवीतून दोन बाटल्या, नळ्या आणि सुई काढून टेबलावर मांडली. कोहमाऱ्याहून. एक साधी आणि एक पिवळी. “पिवळी ताकदीची आहे. पयले ते लाव.” मग त्यानं माईक उचलला. “डॉक्टर साहेब आपल्या मनिरामकाकाले बाटल लावून राहिले आहेत, तरी दंडारीले थोडा उशीर होईल. पाळन्याजवळच्या पोट्ट्याईनं गर्दी करू नये.”

मंडप भरला. बाटल लावताना पाहायलाही माणसं जमतात.

हेमेंद्रनं काकांचा हात हातात घेतला. शीर अशी होती की आंधळ्याला सापडावी, तलावाच्या नहरासारखी फुगलेली, सरळ. सुई घालायला तो शाळेच्या रबरी हातावर शिकला होता, आणि मॅडम शेजारी उभ्या असताना एकदोन माणसांवरही. एक टोच, नळी चालू, टाळ्या. वडील खूश, रिंकूची मान वर, आणि उद्याच्या बसनं गोंदिया. कुणाला काही कळणार नव्हतं. पिवळ्या बाटलीवरचं लेबल त्यानं सवयीनं वाचलं. साखरेचं पाणी निघालं.

आणि त्याला वास आला.

वॉर्डात काही महिने काढले की डोक्याच्या आधी नाक शिकतं. हा वास त्याला माहीत होता. तो सर्जिकल वॉर्डाच्या दाराशीच भेटायचा.

“काका, पायाले काय झालं?”

“काई नाई. चाळानं कापलं थोडंसं. तालमीत.”

“कधी?”

“झाले असतील दिवस. दुखत नाई बिलकुल.”

दुखत नाही याचाच काकांना धीर होता; हेमेंद्रला वॉर्डातले ते पाय आठवले, जे दुखले नाहीत म्हणून कुणी वेळेवर दाखवले नव्हते. त्यानं लुगड्याचा काठ थोडा वर केला. घोट्यावर फडकं बांधलं होतं. फडक्यावरून चाळ बांधायचा काकांचा बेत होता. हेमेंद्रनं फडकं सोडवलं. आत हळद होती, हळदीखाली विडीची राख, आणि राखेखाली जखम, जिच्यात बोटाचं पेर बुडालं असतं. पहिल्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

“मग? लाव ना बाटल,” काका म्हणाले. ते अजून हात पुढे धरून होते.

हेमेंद्र उठला. मंडपासमोरच घर होतं; तिकडे पाहून त्यानं आईला हाक मारली. “आई, पानी उकळून आन. आन् घमेलं. आन् साबन.”

सुमित्राबाई ओट्यावर वडे तळत होत्या. लेकाला पाणी कशाला हवं हे त्यांनी विचारलं नाही; वडे रिंकूच्या हवाली केले आणि सोयऱ्यांसाठी काढलेला नवा साबण कागद फाडून आणला. विक्कीला हेमेंद्रनं कापूस, गॉज, पट्ट्या आणि हातमोजे आणायला मोटरसायकलवर कोहमाऱ्याला पिटाळलं. तो म्हणाला, “मंडळाचा अध्यक्ष आहो मी,” आणि गेला. तो परत येईपर्यंत काका हात तसाच धरून बसले होते. हेमेंद्रनं तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या पायाची बोटंही तपासली.

मग हेमेंद्र खाली बसला. जमिनीवर, मांडी घालून, काकांच्या पायाशी. हात धुतले, मोजे चढवले, पाय घमेल्यावर घेतला, साध्या बाटलीचं तोंड उघडलं आणि जखमेवर हळूहळू धार सोडली.

मागचे लोक खुर्च्यांवर चढून पाहू लागले. बाटल वरून, हातात लागते. ती खालून, पायाला लावलेली गावानं प्रथमच पाहिली.

केशोराव खुर्चीतून उठले, वाकले आणि दातांतून बोलले. “उठ. सोयरे पाहून राहिले. डॉक्टर पाय धुत नाई कोनाचे.”

इथे हेमेंद्रला गप्प बसता आलं असतं. हात कामात होते, निमित्त चांगलं होतं. शपथेच्या दिवशी ज्या ‘मी’ला दिवा गेला तोच शब्द पुन्हा आला, पण या वेळी त्याच्यापाशी दिवाच नव्हता, त्यामुळे विझायचा प्रश्न आला नाही.

“डॉक्टर नाई धुत, बाबा,” तो म्हणाला. “नर्स धुते. मी नर्स होऊन राहिलो.”

आवाज मोठा नव्हता. पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“म्हंजे कंपाउंडर का?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाई. नर्स.”

“मंग डॉक्टरच्या वर का खाली?”

हेमेंद्रनं गॉजची घडी केली. “बाजूले.”

विचारणारा खुर्ची घेऊन पुढं सरकला. केशोराव उभेच होते. त्यांनी नंदलालजींकडे पाहिलं, जसं वीज कुठं पडली ते पाहतात तसं. नंदलालजींनी खर्रा गालात सरकवला.

“समधीजी, बैठो ना. हमको तो मालूम था.”

“काय मालूम होतं?”

“हेच. रिंकूनं पयल्याच दिवशी सांगितलं. म्हणे, भाऊ नर्सिंग करून राहिला, बाबा डॉक्टर म्हनतात, तुमी काई बोलू नका, त्याईले बरं वाटते.” ते थांबले, पुढे सरकले आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली. “हेमेंद्र, वो होने के बाद जरा इधर देखना. हा गुडघा रात्रभर ठनकते. डॉक्टरले दाखवला तं तो पाहातबी नाई, नुसता लिहिते.”

ओट्यावर रिंकू कढईत पाहत होती. वडे तिनं जरा जास्तच लाल केले.

केशोराव बसले. एवढ्या काळजीनं सांभाळलेली अब्रू सोयऱ्यांनीच आपल्यासाठी सांभाळली होती, ही गोष्ट पचायला अवघड असते. पण पाय धुण्याचं काम समोर चाललं होतं आणि माणूस काम चाललेलं असलं की पाहतोच. थोड्या वेळानं ते म्हणाले, “तिकडून पन धुऊन घे. राख आहे अजून.”

“घेतो.”

काकांचा हात अखेर खाली आला. “मले आज नाचता येईल ना?”

“नाई. पाय खाली टेकवाचा नाई. उद्या सकाळी माह्यासंग गोंदियाले चला, साखर तपासा लागते. साखर आहे का नाई हे मी सांगू शकत नाई, ते डॉक्टर सांगतील. पन मले शंका आहे.”

“लुगडं नेसलं ना मी.”

“बसून गाना म्हना.”

काका लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत बसले. रागावले असावेत. हेमेंद्रनं पट्टी गुंडाळायला सुरुवात केली आणि, खाली पाहत असल्यामुळे असेल, त्याच्या मनात होतं ते बाहेर आलं.

“काका, तुमाले लाज नाई वाटत? इतक्या वर्साचे, बाईचं काम कराची?”

“वाटली ना, सुरवातीले. पन लुगडं नेसून लघवीले जाची इतकी पंचाईत होते का लाजेची आठवनच रायत नाई.” त्यांनी पायाकडे पाहिलं. “पट्टी बरी बांधतोस बे. चाळापेक्षा घट्ट बसली.”

त्या दिवशीची दंडार थोडी वेगळी झाली. मनिरामकाका पूर्ण रंगात, नथ घालून खुर्चीवर बसले, पांढरी पट्टी बांधलेला पाय समोरच्या स्टुलावर, आणि नाचणाऱ्यांना बसल्या जागेवरून ओरडत राहिले. गाणं मात्र त्यांनीच म्हटलं. बऱ्याच पाहुण्यांना वाटलं की पट्टी हा कथेचा भाग आहे. विक्कीनं उरलेली चिकटपट्टी फ्लेक्सवरच्या ‘डॉ.’वर लावली, कारण फ्लेक्स नवा करणं मंडळाला परवडणारं नव्हतं; पण ‘मोफत तपासणी’ तशीच ठेवली. दंडार सुटेपर्यंत हेमेंद्रपुढे रांग होती. बाटल कुणी मागितली नाही. कुणाला विळा लागला होता, कुणाच्या टाचेत काटा होता, एका बाईला सुनेचे दवाखान्याचे कागद वाचून हवे होते. प्रत्येकाला तो आधी सांगे की मी नर्स आहे, अजून शिकतो आहे. पाचसात जणांनंतर सांगताना त्याची जीभ अडखळेनाशी झाली. त्यानंतर लोकच मागच्याला सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी हेमेंद्र मनिरामकाकांना घेऊन गोंदियाला निघाला, तेव्हा केशोरावही आपणहून बसमध्ये चढले. दवाखान्यात काकांच्या रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी भरती केलं आणि जरा उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं न लपवता सांगितलं. काका बरेच दिवस वॉर्डात होते. पाय वाचला. बसून नाचायची नवी रीत त्यांनी तिथेच पलंगावर बसवली आणि शिकाऊ मुलींची चालण्याची ढब कशी चुकते ते रोज सांगितलं, पुष्पांजली मॅडमचीही.

केशोराव पहिले दोन दिवस काकांच्या उशाशी होते. पोरगा येतो, हात धुतो, नाव विचारतो, पट्टी सोडतो, परत हात धुतो, हे त्यांनी पलंगांच्या रांगेत दहादा पाहिलं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा म्हणाला, “ओ मामा, पानी द्या.” हेमेंद्रनं पाणी दिलं आणि सांगितलं, “बाबा, मी मामा नाई. ब्रदर म्हना. नर्स आहो.” म्हाताऱ्यानं केशोरावांना विचारलं, “तुमचा पोट्टा होय का?”

“होय.”

“डॉक्टर?”

केशोरावांनी पुढच्या पलंगाकडे निघालेल्या पोराकडे पाहिलं. उत्तर जुनं आणि सोपं होतं, आणि इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. “नाई,” ते म्हणाले. “डॉक्टर येऊन जाते. हा रायते.”

पुष्पांजली मॅडमनी मंडईची हकिगत काकांकडूनच ऐकली आणि वर्गात सांगितली; शपथेच्या दिव्याचा प्रभाव म्हणून सांगितली. हेमेंद्रनं ती दुरुस्त केली नाही. प्रवेश उशिरा झाल्यामुळे वर्गाची पहिल्या वर्षाची परीक्षा थंडीतच आली. प्रात्यक्षिकाला चिठ्ठी उचलावी लागते आणि तिच्यात निघेल ते काम करून दाखवावं लागतं. हेमेंद्रला जखमेची मलमपट्टी निघणार याबद्दल वर्गात कुणालाच शंका नव्हती, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंच्या कानावरही ते गेलं होतं. त्याला रिकाम्या पलंगावर चादर घालायची चिठ्ठी आली, आणि परीक्षक बाईंसमोरच पायथ्याकडचा खोचलेला डावा कोपरा सुटला.